नैराश्याच्या गोळ्या दहा दिवस घेऊनही वडिलांना फरक वाटत नाही. त्या बंद कराव्यात का?

कृपया स्वतःहून बंद करू नका. दहा दिवसांत निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. एस्सिटॅलोप्रॅम किंवा सर्ट्रालिनसारख्या गोळ्या मेंदूतील पेशींच्या जोडांमध्ये सेरोटोनिन या निरोपवाहक रसायनाचे प्रमाण काही तासांतच वाढवतात, परंतु त्या बदलाशी मेंदूने जुळवून घ्यायला वेळ लागत असल्यामुळे मनाला उभारी जाणवायला साधारणपणे दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ जातो. मळमळ, अस्वस्थता मात्र आधीच सुरू होते, आणि नेमके याच टप्प्यावर अनेकजण औषध सोडतात, याचे मला फार वाईट वाटते.

सुधारणेची पहिली खूण बहुधा आनंद ही नसते. समोरचा चहा निवून जाईपर्यंत भिंतीकडे पाहत बसणारा माणूस एके दिवशी तो गरम असतानाच पितो, न सांगता आंघोळीला उठतो. घरच्यांना हे त्याच्या आधी दिसते.

या गोळ्यांची झोपेच्या काही गोळ्यांसारखी चटक लागत नाही, तरीही त्या एकदम थांबवल्यास चक्कर, चिडचिड असे त्रास होऊ शकतात, म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते. बरे वाटू लागल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवतात. सोबत समुपदेशनाचाही चांगला उपयोग होतो.

वडिलांच्या बोलण्यात मरणाचे विचार आले किंवा अस्वस्थता वाढली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते.