नास्तिक मित्रांशी बोलायचं असेल तर अपॉलॉजेटिक्स शिकावं का?

हो, शिका. तुम्ही विचारलंय की ऑफिसमधले मित्र देव मानत नाहीत, येशूबद्दल उलटसुलट विचारतात, तर अपॉलॉजेटिक्स, म्हणजे आपल्या ख्रिस्ती विश्वासाची बाजू कारणं देऊन मांडण्याची विद्या, शिकून काही उपयोग होतो का की नुसती वादावादी वाढते. मी दहाएक वर्षं हे वाचतोय म्हणून लिहितो.

बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात ३:१५ ला 'उत्तर द्यायला तयार असा' म्हटलंय, तिथे मूळ ग्रीक शब्द अपोलोगिया आहे, म्हणजे कोर्टात आपली बाजू मांडणं. पण तिथेच सौम्यतेने द्या असंही आहे आणि सुरुवातीला आपण नेमकं तेच विसरतो, मीही विसरलो होतो.

माझा एक मित्र आहे, पक्का नास्तिक. येशू होऊन गेला कशावरून, असं त्याने विचारलं तर मी टपरीवर चहा गार होईपर्यंत त्याला टॅसिटस ऐकवला, की बघ हा रोमन इतिहासकार, ख्रिस्ती लोकांचा तिटकारा असलेला, तरी लिहून गेलाय की तिबिर्य कैसराच्या काळात रोमन सुभेदार पिलाताने ख्रिस्ताला मारलं. माहिती बरोबरच होती. तो बरं म्हणाला आणि निघून गेला.

पुढे एकदा गाडीला किक मारता मारता त्याने विचारलं, मार्कच्या शुभवर्तमानातली, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातली, शेवटची बारा वचनं मागाहून घातलीत म्हणे? मी सरळ सांगितलं, हो, १६ व्या अध्यायातली ९ ते २० ही वचनं सिनाई आणि व्हॅटिकनच्या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत नाहीत, बहुतेक अभ्यासक ती नंतरचीच मानतात. त्याने गाडी बंद केली, हेल्मेट काढून आरशाला अडकवलं आणि म्हणाला, मग उरलं काय तुमच्याकडे? मग मी दाखवलं की 'तो उठला आहे' हे त्याच अध्यायाच्या सहाव्या वचनातच आहे, आणि येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना साधारण इ.स. ५५ च्या सुमारास लिहिलेल्या पहिल्या पत्रात, १५ व्या अध्यायात, येशू कोणाकोणाला दिसला त्याची यादी आहे आणि तीसुद्धा 'मला जे मिळालं ते तुम्हाला दिलं' असं सांगून, म्हणजे ती त्या पत्राच्याही आधीची. त्या दिवशी आम्ही दीड तास बोललो. तो अजूनही मानत नाही, पण आता विचारतो.

माझ्या मते खरा फायदा हा आहे. आपल्या बाजूचं पक्कं काय आणि कच्चं काय हे माहीत असलं की माणूस घाबरत नाही, आणि घाबरला नाही की चिडतही नाही. आपल्याकडचे नीलकंठशास्त्री गोरे बघा, काशीतले चित्पावन पंडित, ख्रिस्ती मताचं खंडन करायला निघाले आणि १८४८ ला बाप्तिस्मा घेतला. पुढे पंडिता रमाबाईंना शंका होत्या तेव्हा गोऱ्यांचं लिखाणच उपयोगी पडलं, कारण स्वतः शंकांमधून गेलेला माणूस होता तो.

एक मात्र सांभाळा. कोणाच्या घरी मयत झालीय आणि तो विचारतोय तुझा देव कुठे होता, तर तिथे युक्तिवाद काढू नका, जेवणाचा डबा घेऊन जा आणि शेजारी बसा.

सुरुवात मार्कपासून करा, एका बैठकीत वाचून होतो. आणि मित्राचा आक्षेप आधी तुमच्या शब्दांत त्यालाच सांगून बघा, तो 'हो, हेच म्हणायचंय मला' म्हणाला की मग उत्तर द्या.