जेलवर एकच पट्टा दिसतो, तरी लायसोझाइमचे स्फटिक वाढायचे का थांबतात?

तुमचं कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम हे प्रथिन जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या चाचणीत) एका पट्ट्यात दिसतं, स्फटिक वाढवायच्या थेंबात पाच-सहाच स्फटिक येतात आणि ०.०५ मिलिमीटरला अडकतात. यातलं ‘पाच-सहाच’ महत्त्वाचं. धूळ किंवा गोळा झालेलं प्रथिन असतं तर बारीक स्फटिकांचा सडा पडला असता. इथे वाढच अडलेली दिसते.

आधी खात्री करा. थेंबातला १ मायक्रोलीटर द्रव १०० पट पातळ करून २८० नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण मोजा, त्यावरून प्रथिन किती ते कळतं (१ मिग्रॅ/मिलीला २.६४). ५% मीठ, पीएच ४.६ आणि २० अंशांना विद्राव्यता, म्हणजे विरघळून राहू शकणारं प्रथिन, ५ मिग्रॅ/मिलीच्याही खाली असते. थेंबात ८-१० मिग्रॅ/मिली निघालं, तर माल शिल्लक आहे, फक्त स्फटिकावर बसत नाही.

मग संशय अशुद्धीवर. एकच पट्टा म्हणजे शुद्ध प्रथिन, असं नाही. जेलवर २ मायक्रोग्रॅम भरलं, तर १% अशुद्धी म्हणजे २० नॅनोग्रॅम. जेल रंगवणाऱ्या साध्या कूमासी रंगाला ती बहुधा दिसत नाही. २० मायक्रोग्रॅम भरा. मुख्य पट्टा पसरला तरी चालेल. मग २८ किलोडाल्टनजवळ (हे रेणूच्या वजनाचं एकक) डायमर, म्हणजे लायसोझाइमचे दोन जोडलेले रेणू, आणि अंड्यातलीच दुसरी प्रथिनं, ४५ ला ओव्हाल्ब्युमिन, ७७ च्या आसपास ओव्होट्रान्सफेरिन, शोधा.

यात डायमर सगळ्यांत खोडसाळ. त्याचा अर्धा भाग अस्सल लायसोझाइमच, म्हणून स्फटिकातल्या रेणूंच्या जाळीत बेमालूम बसतो आणि उरलेल्या अर्ध्याने शेजारच्याची जागा अडवतो. स्फटिकाचा थर पायरीसारखा पुढे सरकत असतो. असे अडथळे जवळजवळ आले की पायरी जागीच खिळते. मीठ वाढवलं की ती हलते खरी, पण नवे स्फटिक उगवतात, घाण आत गाडली जाते आणि विवर्तन (स्फटिकातून मिळणारं क्ष-किरणांचं चित्र) बिघडतं. तो उपाय मला पटत नाही.

नुसत्या पुनर्स्फटिकीकरणावरही (स्फटिक विरघळवून पुन्हा वाढवण्यावर) विसंबू नका, डायमर सोबत येतो. सुपरडेक्स ७५ हा रेणू आकारानुसार वेगळे करणारा स्तंभ घ्या. २४ मिलीच्या स्तंभावर अर्ध्या मिलीहून जास्त चढवू नका, आणि बफरमध्ये १५० मिलिमोलर मीठ हवंच, नाहीतर प्रथिन स्तंभाला चिकटतं. मुख्य शिखराआधी येणारा भाग (डायमर मोठा, म्हणून आधी येतो) वेगळा जपून ठेवा. सांद्र करायला ३ किलोडाल्टनचा फिल्टर वापरा. १० च्या फिल्टरमधून १४.३ चं लायसोझाइम गळू शकतं. शेवटी सगळं ०.१ मोलर सोडियम ॲसिटेटमध्ये आणा, कारण राहिलेलं मीठ इथे अवक्षेपकाचंच, म्हणजे प्रथिन द्रवातून बाहेर काढायचंच, काम करतं.

मग दोन थेंब लावा: एक शुद्ध, दुसऱ्यात जपून ठेवलेला भाग प्रथिनाच्या १-२% मिसळून. फक्त दुसरा अडला तर चोर सापडला. दोन्ही अडले तर मिठाची आणि ॲसिटेटची बाटली बदलून पाहा.