पेज लॉक होतं की खिळतं?

पवईहून एका वाचकाने विचारलंय (हे संगणकाचे ड्रायव्हर लिहितात, चालवत नाहीत): कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) युजरच्या मेमरीतली पेजेस, म्हणजे मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे, 'पिन' करतात, त्याला मराठीत 'लॉक करणे' म्हटलं तर चालेल का?

अजिबात नाही. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी ऐकून माझे कान किटलेत. 'एमलॉक' (मेमरी लॉक) केलेलं पेज स्वॅपमध्ये, म्हणजे रॅममधून डिस्कवर, जात नाही, एवढीच हमी. रॅममधल्या रॅममध्ये कर्नल त्याला हलवू शकतो. लोकलच्या डब्यात जागा पक्की, पण 'जरा सरका' कुणीही म्हणेल. डीएमए करणाऱ्या, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता थेट मेमरीत लिहिणाऱ्या, कार्डाच्या हातात मात्र एकच पत्ता असतो. मधेच पेज सरकलं तर कार्ड बिनदिक्कत जुन्याच जागी, म्हणजे आता भलत्याच कुणाच्या डेटावर लिहीत सुटेल. पिन केलेल्या पेजला 'सरका' म्हणायची सोय नाही. २०२० साली लिनक्स ५.६ मध्ये त्यासाठी 'पिन युजर पेजेस' हे वेगळं फंक्शनच आलं. साध्या पेजची संदर्भगणती (ते किती जणांनी धरलंय याची मोजणी) त्यात दर पिनमागे १०२४ ने वाढते, म्हणजे नुसतं धरलेलं कोणतं आणि पिन केलेलं कोणतं, याचा कर्नलला अंदाज येतो.

आता मराठी. 'टाचणे' कागदांपुरतं ठीक. 'पिन मारणे' मुंबईत भांडण लावण्याला म्हणतात. 'स्थिरीकरण' सुचवणाऱ्या विद्वानांनी ते सरकारी फायलीतच ठेवावं. नजर खिळते, माणूस अंथरुणाला खिळतो, मग पेज का खिळू नये? शब्द 'खिळवणे'!

मूळ संस्कृत 'कील'. त्यातून खीळ, खिळा, खिळणे. रामरक्षेच्या आरंभी 'श्रीमद्हनुमान् कीलकम्' म्हणतो ना आपण, तोच हा कील. मंत्रशास्त्रात कीलक म्हणजे मंत्राची शक्ती जागीच रोवून ठेवणारी खुंटी, आणि ती उपसायच्या विधीला नाव आहे 'उत्कीलन'. अनपिन! आयताच शब्द, शतकानुशतकं वापरात असलेला, आणि आमची परिभाषावाली मंडळी नवे घडवत बसलीत. ('खिळखिळा'सुद्धा खिळे ढिले झाल्यावरूनच आला असं मी म्हणतो. तो ध्वनिवाचक आहे म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.)

विधी तरी किती जुळतो पाहा. खिळवलेलं पेज नुसतं धरलेलं पेज सोडायच्या नेहमीच्या 'पुट पेज' फंक्शनने सोडलं तर गणतीचा बोऱ्या वाजतो, तिथे 'अनपिन युजर पेज'च लागतं. पवईकरांनी कोडातल्या टिपणांत निदान 'खिळवणे' लिहावं. 'उत्कीलन' लिहायचं धाडस झालं, तर तो पॅच (कोडातला बदल) मला जरूर पाठवा.