घरासाठी नेटवर्क ड्राइव्ह घ्यावा की यूएसबी एक्स्टर्नल ड्राइव्ह?

घरातले तीन लॅपटॉप आणि अनेक वर्षांचे फोटो-व्हिडिओ यांच्यासाठी नेटवर्क ड्राइव्ह (राउटरला जोडलेला, घरातल्या सगळ्यांना वापरता येणारा साठवणुकीचा डबा) घ्यावा की साधा यूएसबी ड्राइव्ह, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: आधी यूएसबीचे दोन ड्राइव्ह घ्या आणि पैसे उरले तरच नेटवर्क ड्राइव्हचा विचार करा. माझ्या चुलतभावासारखे जाणकार याच्या नेमके उलट सांगतात, म्हणून सविस्तर लिहितो.

फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या देवळात उत्सवाला मराठी नाटके होतात आणि त्यांची चित्रीकरणे सांभाळण्याचे काम नाट्यमंडळाने माझ्याकडे दिले आहे. जुनी नाटके मिनी डीव्ही कॅसेटवर होती. तासाभराच्या कॅसेटची मूळ दर्जाची फाइल सुमारे १३ जीबीची होते, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत चालणारे एक संगीत नाटक पन्नास-साठ जीबी सहज व्यापते. साठा वाढला तेव्हा मंडळाचा खजिनदार असलेल्या चुलतभावाने दोन डिस्कचा नेटवर्क ड्राइव्ह घ्यायला लावला. रेड १ (RAID 1) पद्धतीत दोन्ही डिस्कवर तीच माहिती लिहिली जाते, एक बिघडली तरी दुसरी असतेच, तेव्हा यूएसबी ड्राइव्हवर आणखी पैसे घालणे ही उधळपट्टी आहे, असे त्याने सभेत ठामपणे सांगितले. मी तिथेच विरोध केला आणि मंडळाने पैसे नाकारल्यावर स्वतःच्या खर्चाने यूएसबी ड्राइव्ह घेऊन, त्यावर सगळी नाटके उतरवून, तो म्हापशाला बहिणीच्या कपाटात ठेवला.

पुढे चवथीच्या सुट्टीत मंडळातील एका मुलाने जागा मोकळी करताना जुन्या नाटकांचा अख्खा फोल्डर नेटवर्कवरून पुसला. नेटवर्कवरून पुसलेली फाइल संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही आणि ड्राइव्हची स्वतःची रिसायकल बिन कोणी चालूच केलेली नव्हती. रेड १ ने आपले काम चोख केले, म्हणजे दोन्ही डिस्कवरून फोल्डर एकाच क्षणी गेला. त्याच जागेवर नवी चित्रीकरणे उतरवल्यामुळे फाइली परत मिळवणाऱ्या तंत्रज्ञानेही हात टेकले. त्या नाटकांतील काही नट आज हयात नाहीत आणि त्यांची दुसरी चित्रीकरणे कोणाकडेही नाहीत. सगळी नाटके म्हापशाच्या ड्राइव्हवरून परत आली.

रेड डिस्कच्या बिघाडापासून वाचवते. चुकून पुसणे, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर), चोरी आणि वीज यांच्यापुढे तिचा उपयोग नाही. इंटरनेटला जोडलेल्या ड्राइव्हचा धोकाही खरा आहे: जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ ड्राइव्हमधील माहिती जगभर दुरून पुसली गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ रॅन्समवेअरने क्यूनॅप कंपनीच्या नेटवर्क ड्राइव्हना गाठले. त्यात आपल्याकडे पावसाच्या तोंडावर विजा कडाडतात आणि पुरवठा सारखा जातो-येतो. चोवीस तास चालणाऱ्या नेटवर्क ड्राइव्हला यूपीएस लागतोच, शिवाय २० वॅटचे यंत्र वर्षाला सुमारे १७५ युनिट वीज घेते. वायर काढून कपाटात ठेवलेल्या ड्राइव्हला विजेच्या कडकडाटाची झळ पोचत नाही. फक्त दमटपणासाठी तो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा.

वेगावरून निर्णय घेऊ नका. गिगाबिटच्या वायर जोडलेल्या नेटवर्कवर सेकंदाला साधारण ११० एमबी मिळतात आणि पोर्टेबल हार्ड डिस्कचा स्वतःचा वेगही त्याच्या आसपासच असतो. वायफायवर मात्र नेटवर्कचा वेग बहुधा घटतो.

तिघांनाही त्याच फाइलींवर काम करायचे असेल किंवा फोनमधील फोटो रोज आपोआप उतरवायचे असतील, तर नेटवर्क ड्राइव्ह अवश्य घ्या. स्नॅपशॉट (ठरावीक क्षणी फाइली जशा होत्या तशा परत आणता येतील अशी नोंद) आणि रिसायकल बिन पहिल्याच दिवशी चालू करा आणि त्याचीही प्रत यूएसबी ड्राइव्हवर काढून दुसऱ्या घरी ठेवा. यूएसबी ड्राइव्ह संगणकाला कायम जोडून ठेवला तर रॅन्समवेअर त्यालाही सोडत नाही, आणि चालू असताना पडला तर हार्ड डिस्क कामातून जाते. वर्षानुवर्षे बंद ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारा ड्राइव्ह) घेऊ नये.

इतके होऊनही चुलतभाऊ आजही म्हणतो की रिसायकल बिन चालू असती तर म्हापशाच्या ड्राइव्हची गरज पडली नसती. त्याच खोलीत वीज शिरली असती तर रिसायकल बिनने काय वाचवले असते, याचे उत्तर त्याने अजून दिलेले नाही. यंदाच्या अंदाजपत्रकात दुसऱ्या यूएसबी ड्राइव्हची तरतूद व्हावी, असा लेखी प्रस्ताव मी मंडळाला दिला आहे.