डरहॅमला संध्याकाळी काय करायचं?

प्रश्न : ताई, माझ्या मुलीला इंग्लंडमध्ये डरहॅम विद्यापीठात एमएस्सीला प्रवेश मिळालाय. वर्षाचा कोर्स. गाव म्हणे एवढंसं, मधोमध जुनं मोठं चर्च, लंडनपासून रेल्वेने तीन तास. शिवाय जे ‘कॉलेज’ मिळालंय तिथे तिचे वर्गच होणार नाहीत म्हणते, हे काय प्रकरण आहे? आमची ही कायम घोळक्यात, कॉलेज रोडवर. तिथे अभ्यास झाल्यावर करणार काय? पबमध्ये जाणार? माझी तर झोप उडाली आहे.
– एक आई, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, आधी नाव नीट घेऊ. मधला ‘ह’ गिळायचा, तिथली माणसं ‘डरम’ म्हणतात. २००९-१० मध्ये मी तिथे वर्षभर होते, म्हणून हे ऐकीव नाही.

गाव लहान आहे हे खरं. पंचवटी कारंजापासून गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, यायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्यात तिथलं जुनं गाव चालून संपतं. विअर नदी तीन बाजूंनी वळसा घालते आणि मधल्या उंचवट्यावर १०९३ साली बांधायला घेतलेलं कॅथेड्रल, म्हणजे तुम्ही म्हणता ते मोठं चर्च, उभं आहे. समोर किल्ला. त्या किल्ल्यात आजही विद्यार्थी राहतात, जेवतात. आणि कॉलेजचं म्हणाल तर शिकवायचं काम विद्यापीठाच्या डिपार्टमेंटचं. कॉलेज म्हणजे वसतिगृह, मेस, क्रीडामंडळ आणि आपलं गणेश मंडळ एकत्र केलं तर जे होईल ते. अशी सतरा आहेत. पोरीला घोळका हवा असेल तर तो तिथेच मिळेल.

पबचं नंतर बोलू. मला काळजी वाटते ती अंधाराची. डिसेंबरात पावणेचारला सूर्य बुडालेला असतो. आपल्याकडे घड्याळात पावणेचार वाजतात तेव्हा दुपारचा चहासुद्धा व्हायचा असतो! चार वाजता अंधारून आलं की मी घरी फोन लावायचे, तर इकडे रात्रीचे साडेनऊ. आई जांभई देत ‘बोल गं’ म्हणायची आणि मला काही बोलायलाच सुचायचं नाही. अंधाराचा पहिला महिना असाच गेला.

मग एका संध्याकाळी पाय गारठले म्हणून कॅथेड्रलमध्ये शिरले. साडेपाचला तिथे इव्हनसाँग असतं, म्हणजे सायंप्रार्थना, बहुतेक सगळी गाऊन. तिकीट नाही, धर्म कोणी विचारत नाही. अवाढव्य दगडी खांब, त्यांवर कोरलेल्या नागमोडी रेघा. मुलं गायला लागली की सूर छताशी जातो आणि किंचित उशिरा परत येतो. निम्मे शब्द कळायचे नाहीत. मला आपल्या नारोशंकराच्या देवळातली घंटा आठवायची. तीही वसईच्या पोर्तुगीजांकडून आलेली, तेव्हा आपल्याला हे काही अगदीच परकं नाही. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी जाऊन बसायचे. साडेसहाला बाहेर पडलं की अंधाराचं तितकंसं काही वाटायचं नाही.

त्या जागेची एक दंतकथाही आहे. संत कथबर्टचा देह घेऊन भिक्षू हिंडत होते. एक बाई आपली हरवलेली गाय शोधत निघाली होती, तिच्या वाटेने गेले आणि ही जागा सापडली. साल ९९५ सांगतात. गाय भिंतीवर कोरलेलीही आहे. गायीने जागा दाखवली म्हटल्यावर माझ्या आजीने डरहॅमला ताबडतोब मान्यता दिली.

आता पब. मुलगी जाईल, ताई. पण तो आपल्या हायवेवरचा बार नव्हे. म्हातारे पेपर वाचत बसलेले असतात, कुठे प्रश्नमंजूषा चाललेली असते. संत्र्याचा ज्यूस मागितला तर कोणी वळून बघत नाही. पिणारी पोरं भरपूर असतात, पहिल्या आठवड्यात तर फारच, ते लपवत नाही. एक मात्र बजावून सांगा : रात्री नदीकाठच्या पायवाटेने एकटीने यायचं नाही. विद्यार्थी बुडाल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीशी पुराचं पाणी चढलेलं बघत मोठी झालेली मुलगी आहे, तिला नदीबद्दल मी वेगळं काय सांगणार!

दुसरी ताकीद फोडणीची. पहिल्याच आठवड्यात मी रात्री दहाला वरणाला फोडणी दिली. मोहरी तडतडली, हिंग पडला आणि छतावरचा अलार्म बोंबलला. पूर्ण इमारत बाहेर गारठ्यात, एक जण तर टॉवेलवर. अग्निशमनवाले येऊन माझं भांडं हुंगून गेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या रात्रीपासून सगळे मला ओळखायला लागले आणि त्यातल्या दोघी पुढच्या रविवारी तेच वरण खायला आल्या. हिंग-डाळीची चिंता नको, न्यूकॅसल रेल्वेने पंधरा मिनिटांवर आहे, तिथे सगळं मिळतं.

बोटी वल्हवायचं वेड तिथे मोठं. नदीवरची शर्यत १८३४ पासून आहे, ती जूनमध्ये. मीही पहाटे कॉलेजच्या बोटीत बसले होते. दोनदाच.

उन्हाळ्यात पदवीची पोरं घरी जातात, एमएस्सीवाली प्रबंध लिहीत मागे राहतात. तेव्हा गाव खरं आपलं होतं. पावणेदहापर्यंत उजेड! जुलैच्या दुसऱ्या शनिवारी खाणकामगारांचा मेळा भरतो, १८७१ पासूनचा. एकेका खाणीचा भलामोठा रेशमी झेंडा आणि मागे पितळी बँड. खाणी बंद पडल्या तरी बँड वाजतोच. आपल्या ढोल पथकांवर जीव असेल तर तिने हे चुकवू नये. त्याला ते ‘गाला’ लिहितात आणि ‘गेला’ म्हणतात. शेजारच्या आजोबांनी ‘उद्या गेला’ म्हटलं तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं होतं.

कॅथेड्रलच्या मनोऱ्याला ३२५ पायऱ्या आहेत. पदवी मिळायच्या आधी वर चढलं तर पदवी मिळत नाही, अशी विद्यार्थ्यांची समजूत. मी कसली मानते! पण नाही चढले. पदवीदान त्याच कॅथेड्रलमध्ये झालं, जानेवारीत. बाहेर आले, झगा सावरत मनोऱ्याच्या दाराशी गेले, तर वारा फार म्हणून वर जाणं बंद. दुसऱ्या दिवशी माझं विमान होतं. तुमची लेक चढली तर वरून नदीचा अख्खा वळसा दिसतो का, तेवढं मला कळवायला सांगा.