हुबेहूब, खऱ्यासारखं आणि वास्तववादी

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या एका खेड्यातून प्रश्न आला आहे. विचारणारा कॉलेजात शिकतो आणि मोबाइलवरच्या गेमांची ओळख करून देणारे लेख मराठीत लिहितो. 'रिअलिस्टिक'साठी त्याने 'वास्तववादी' लिहिलं आणि 'फँटसी'साठी 'काल्पनिक'. मित्र हसले. "पेपरात लिवतेत तसं वाटते बे," म्हणाले. हे शब्द चूक आहेत का, आणि चूक असतील तर कोणते लिहावेत, असं त्याचं विचारणं आहे.

शब्द चूक नाहीत, त्यांची जागा चुकली आहे. मित्रांचे कान मात्र शाबूत आहेत.

'वास्तववादी'मधला 'वादी' आधी पाहा. साम्यवादी, निसर्गवादी, आशावादी. 'वादी' लागला की त्यामागे कुणाची तरी भूमिका आली. कादंबरी वास्तववादी असते म्हणजे जगणं जसं आहे तसं मांडायचं, गोड करून सांगायचं नाही, असं तिच्या लेखकाने ठरवलेलं असतं. ट्रॅक्टरच्या टायरवरचा चिखल चांगला काढला म्हणून कुणी वादी होत नाही. चित्रकलेवर लिहिणारे हुबेहूब शैलीला 'वास्तववादी' म्हणतात हे खरं आहे, आणि ते तिथे रुळलंही आहे. पण गेमच्या बाबतीत तो शब्द उचलला की घोटाळा होतो. कसा, ते आमच्या ओट्यावर घडलेल्या एका गोष्टीवरून सांगतो.

शेजारचा पोट्टा 'फार्मिंग सिम्युलेटर' खेळत बसला होता. स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअर कंपनीची ही मालिका २००८ पासून चालू आहे. खऱ्या कंपन्यांचे ट्रॅक्टर नावानिशी त्यात असतात आणि २०१८ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून कापूसही आला आहे. त्याची आजी चष्मा सावरत मोबाइलमधल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, डोकावली.

"हे पऱ्हाटीच हाय ना बावा?"

"हाव आजी. पाय कशी पांढरीफट फुटली!"

तेवढ्यात भलं मोठं यंत्र शेतात शिरलं आणि ओळीच्या ओळी साफ करत गेलं. मागे गठ्ठा तयार.

"अन् वेचाले बाया कुठी हायत?"

"मशीन वेचते ना."

"एकाच वेचनीत सारा? मंग दुसरी वेचनी नाई? फरदड नाई?"

फरदड म्हणजे मुख्य वेचण्या झाल्यावर उभ्या पऱ्हाटीतून पुन्हा घेतलेलं पीक. पोट्ट्याजवळ उत्तर नव्हतं. तिने तर अजून सीतादहीचं, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीला शेतात होणाऱ्या पूजेचं, विचारलंच नव्हतं, कवडी म्हणजे किडका-डागी कापूस कुठे जातो हेही नाही. बोंडअळीचं नाव काढलं असतं तर गेमच बंद करावा लागला असता.

आता बघा, आजीने चित्राला नावं ठेवली नाहीत. पऱ्हाटी तिने बिनचूक ओळखली. तिची तक्रार वागण्याबद्दल होती, कापूस असा एका झटक्यात निघत नाही याबद्दल. इंग्रजीतल्या एका 'रिअलिस्टिक'मध्ये या दोन्ही गोष्टी कोंबलेल्या आहेत. मराठीत त्या वेगळ्या ठेवता येतात.

दिसण्याला 'हुबेहूब' म्हणा. मूळ अरबीतलं, फारसीतून आपल्याकडे आलेलं 'हू ब हू', म्हणजे 'तोच तो'. शब्द दोन वस्तू शेजारी ठेवून पाहणाऱ्याचा आहे, म्हणून ग्राफिक्सना नेमका बसतो. 'पाऊस हुबेहूब पडतो', 'बंदूक हुबेहूब आहे', हे वाचताना कुणी हसणार नाही.

वागण्याला 'खऱ्यासारखं'. 'गाडी खऱ्यासारखी घसरते.' 'ओझं वाढलं की ट्रॅक्टर खऱ्यासारखा दमतो.' शब्द साधा आहे, पण त्यातला 'सारखं' प्रामाणिक आहे. हे खरं नाही, खऱ्यासारखं आहे, ही कबुली त्यातच आली. 'खरंखुरं' मात्र इथे नको. खरीखुरी गाडी दारात उभी असते आणि तिचा हप्ता भरावा लागतो.

मग गेमसाठी 'वास्तववादी' कधीच लिहायचं नाही? लिहायचं, पण जपून. 'पेपर्स, प्लीज' नावाचा २०१३ चा एक गेम आहे, लुकास पोप यांचा. सीमेवरच्या नाक्यावर बसून कागदपत्रं तपासायची, चूक झाली की दंड, आणि दिवसाअखेरी उरलेल्या पैशात घरच्यांचं अन्न, औषध, घर गरम ठेवण्याचा खर्च भागवायचा. चित्रं अगदी ओबडधोबड. देश नकाशावर नसलेला. पण खुर्चीत बसलेला साधा माणूस नियम आणि दया यांच्यात कसा चेंगरतो, ते त्यात आहे. याला वास्तववादी म्हणा, माझी काही हरकत नाही. एकही गोष्ट हुबेहूब नाही, तरी वास्तववादी. उलट 'द विचर ३' (२०१५) मध्ये वाऱ्याने हलणारं झाड हुबेहूब, पण झाडामागून राक्षस येतो.

याच उदाहरणाने 'काल्पनिक'चाही निकाल लागतो. नाक्यावरचा तो देश काल्पनिक आहे. वास्तववादी कादंबरीतला शेतकरीही काल्पनिकच असतो, 'सर्व पात्रे काल्पनिक' ही पाटी काही फक्त राक्षसांच्या गोष्टींना लावत नाहीत. म्हणजे काल्पनिकच्या विरुद्ध 'घडलेलं' उभं राहतं, 'वास्तववादी' नाही. तुमच्या लेखात हे दोघे समोरासमोर उभे केले आहेत आणि त्यांचं मुळात भांडणच नाही.

'कल्पनारम्य' आणि 'अद्भुतरम्य' हे शब्दही कुणी सुचवतील. त्यांतलं 'रम्य' मला अडतं. सडलेलं प्रेत उठून अंगावर येतंय, त्यात रम्य ते काय? नुसतं 'अद्भुत' पुरे. रसांच्या यादीतला हा जुना शब्द, त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळातली भावना, विस्मय. त्याची खुबी अशी की वस्तू खरी की खोटी या वादात तो पडतच नाही, पाहणाऱ्याचं काय झालं ते सांगतो. तोंडाचा आ झाला की अद्भुत. 'भाकडकथा' मात्र चुकूनही लिहू नका. भाकड म्हणजे दूध आटलेली गाय. ज्या गोष्टीतून काही निघत नाही ती भाकडकथा. तो शिवीच्या जवळचा शब्द आहे.

आता मला खरं बोलायचंय ते तान्ह्या पोळ्याबद्दल. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात, हे इकडच्यांना सांगायला नको. त्या बैलाच्या पायाखाली चाकं असतात. चार चाकांचा बैल कुणी पाहिला आहे? तरी आजवर एकाही पोराने चाकांवर आक्षेप घेतलेला मी ऐकला नाही. पण वशिंड बसकं असू द्या, शिंगं पुढे वळायच्या जागी मागे वळलेली असू द्या, की लगेच "हा बैल हाय का बकरी?" सुतारही हे जाणून असतो. वशिंडावर पटाशी फिरवताना त्याचा हात हळू चालतो, चाकं मात्र तो खटाखट ठोकून मोकळा होतो.

चाकं खेळासाठी आहेत, वशिंड बैलासाठी. पबजीत गोळ्या लागलेला माणूस पट्टी बांधून, एनर्जी ड्रिंक पिऊन पुन्हा पळतो, ती चाकं. बंदुकीचा आवाज हुबेहूब हवा, ते वशिंड. 'माइनक्राफ्ट'मध्ये झाडाचं बूड तोडलं तरी वरचं खोड हवेत तसंच लटकून राहतं, रेतीचा आधार काढला तर ती मात्र खाली कोसळते. यात वस्तुस्थितीला धरून फारसं काही नाही, पण मेळ आहे. दर वेळी तसंच होतं. एखादं खोड उद्या अचानक खाली पडलं तर पोरं 'बिघाड आहे' म्हणतील, 'खऱ्यासारखं झालं' म्हणणार नाहीत. गेमला नावं ठेवताना अनेकदा 'रिअलिस्टिक नाही' असं जे लिहिलं जातं, तिथे खरं तर 'मेळ बसत नाही' म्हणायचं असतं. तुमच्या लेखांत हा शब्द सगळ्यात जास्त कामाचा ठरेल असं मला वाटतं.

जुन्या लोकांनी हाही भेद नाव देऊन ठेवला आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात दोन 'धर्मी', म्हणजे सादर करण्याच्या रीती, सांगितल्या आहेत. लोकात चालतं तसं रंगमंचावर करणं ती लोकधर्मी, आणि रंगमंचाच्या संकेतांनी चालणं ती नाट्यधर्मी. चार पावलं चाललं की दुसरं ठिकाण आलं, हे नाट्यधर्मीतलं. आपल्या विदर्भातल्या दंडारीत, या लोकनाट्यात, वेगळं काय होतं? एक गिरकी घेतली की गाव बदललं, आणि मिशी काढून लुगडं नेसलेला गडी साऱ्या गावाला बाई म्हणून चालतो. लेखात 'लोकधर्मी गेम' लिहाल तर मित्र पुन्हा हसतील, म्हणून लिहू नका. फक्त माहीत असू द्या.

पोरांच्या तोंडी याहून छान शब्द आहे: खोटं-खोटं. एकदा म्हटलं तर लबाडी, दोनदा म्हटलं तर खेळ. 'त्याने खोटा चहा दिला' आणि 'त्याने खोटा-खोटा चहा दिला' यांत केवढा फरक पडतो पाहा. लढाई असेल तर 'लुटुपुटूची'. हे शब्द पोरकट वाटतील, पण गेमबद्दल लिहिताना पोरकटपणाची एवढी भीती कशाला?

राहिला प्रश्न इंग्रजी शब्द तसेच ठेवण्याचा. 'फँटसी' खुशाल ठेवा. ईकारान्त स्त्रीलिंगी आहे, मराठी प्रत्यय लगेच घेते: फँटसीत, फँटसीला, फँटसीतला राजा. 'रिअलिस्टिक' मात्र आडमुठं आहे. त्याचं नाम करायला गेलं की 'रिअलिस्टिकपणा' होतो आणि तो घशात अडकतो. मागच्या लेखातलं तुमचं वाक्य होतं: 'हा गेम वास्तववादी असला तरी काल्पनिक आहे.' मी असं लिहिलं असतं: 'गेम अद्भुत आहे, पण त्यातली जनावरं हुबेहूब आहेत, आणि पाण्यात उतरली की खऱ्यासारखी बिचकतात.'