लग्न आपल्या घरचं वाटावं म्हणून काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलंय, हॉल आणि जेवणातच पैसे संपलेत, आणि तरी लग्न 'आमच्या घरचं' वाटायला हवंय. थोरली बहीण आहात, तर माझं पहिलं सांगणं एकच : तिच्यासाठी एक मंगलाष्टक तुम्ही स्वतः लिहा.

दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नात मी ते केलं. कवितेचा गंध नव्हता, पण मंगलाष्टकाची चाल आपल्या कानात लहानपणापासून मुरलेली असते. वृत्त शार्दूलविक्रीडित. एका ओळीत 19 अक्षरं, बाराव्या अक्षरावर श्वास घ्यायचा आणि मग उरलेली सात. गण मोजत बसू नका. 'गंगा सिंधु सरस्वती च यमुना' ही ओळ आधी मोठ्याने म्हणा आणि लगेच त्याच चालीवर आपली ओळ म्हणून बघा. अडखळलात तर अक्षर चुकलंय. ओळीची पहिली तीन अक्षरं गुरू, म्हणजे लांब उच्चाराची असतात, म्हणून 'आजीच्या', 'बाबांच्या', 'दोघांचे' असे शब्द सुरुवातीला सहज बसतात. माझी पहिली ओळ अशी होती :

आजीच्या पदरातली सय तुला लाभो सदा सोबती

आणि शेवटची :

दोघांचे घर हे हसो नित असे कुर्यात् सदा मंगलम्

बघा, 'कुर्यात् सदा मंगलम्' ही बरोबर सात अक्षरं आहेत. म्हणजे शेवटच्या ओळीत तुम्हाला फक्त बाराच लिहायची. मधल्या दोन ओळींत भाचीच्या अंगणातला पारिजातक आणि तिचा सायकलवरून शाळेत जायचा रस्ता आला. 'सुशील, सद्गुणी' वगैरे विशेषणं मुद्दाम टाळली, कारण ती कुठल्याही मुलीला लागू पडतात. पारिजातक तिचाच होता. ती ओळ आली तेव्हा अंतरपाटाआड तिचे डोळे भरलेले मला दिसत होते.

मात्र गुरुजींशी आधी बोला. सुरुवातीचं 'स्वस्ति श्री गणनायकं' आणि मुहूर्ताच्या क्षणी म्हणायचं 'तदेव लग्नं' त्यांनाच म्हणू द्या. मधली दोन, फार तर तीन तुमची. आमच्याकडे ऐनवेळी एका नातेवाइकांनी पाच कडव्यांचा कागद काढला, मुहूर्त जवळ येत चालला आणि गुरुजींना हात करून थांबवावं लागलं. त्या नातेवाइकांना किती वाईट वाटलं असेल, हे अजून मनात आहे. म्हणून कोण काय म्हणणार ते आदल्या दिवशीच ठरवा. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, मोबाइलवर नको. माइकसमोर हात थरथरतो.

दुसरी गोष्ट अंतरपाट. बाजारात जरीचे, आरशांचे तयार मिळतात, पण तुमच्या आजीचं किंवा आईचं जुनं सुती लुगडं असेल तर त्यातूनच शिवा. नऊवारात कापड भरपूर निघतं, उरलेल्याचं पुढे दुपटंही होईल. विरलेलं असेल तर मागून अस्तर लावा, नाहीतर पलीकडचा चेहरा दिसतो आणि अंतरपाटाचा अर्थच जातो. मधोमध कुंकवाच्या रंगाच्या दोऱ्याने स्वस्तिक भरा, बस. जड काम नको. धरणाऱ्या दोघांचे हात सगळी मंगलाष्टकं होईपर्यंत वर असतात.

रुखवत हल्ली भाड्यानेही मिळतं. ते आणू नका. मावशी, आत्या, काकू, शेजारच्या काकू, प्रत्येकीला हाताची एकच वस्तू करायला सांगा. कुणी कुरडया, कुणी सांडगे, कुणी लोकरीचं तोरण. सोबत चिठ्ठीवर करणारीचं नाव आणि मुलीशी असलेलं नातं लिहा. आमच्याकडे लोक त्या चिठ्ठ्या वाचत उभे राहिले होते.

झाल सोपवताना, म्हणजे मुलगी सासरच्यांच्या हाती देताना, गाणं लावायचा आग्रह होईल. मी म्हणेन, त्या वेळी काहीच लावू नका.

आणि मंगलाष्टक लिहायला आजच बसा. पहिल्या ओळीला मला चार दिवस लागले होते, पुढच्या तिन्ही एका संध्याकाळी झाल्या. अडलं तर तुमची ओळ इथे खाली लिहा, मी चालीवर म्हणून बघते आणि सांगते.